मळका कोट, एक डोळा आणि पस्तीस वर्षं

"खुनी कोण ते सुरुवातीलाच दाखवून टाकतात, मग पुढचा तासभर बघायचं काय गं?" नलूताईंनी कुंपणापलीकडून सवाल टाकला. मुलाकडे न्यू जर्सीला राहून नुकत्याच परतल्यात. तिकडे मुलगा-सून कामावर गेले, की दुपारभर टीव्ही आणि ह्या.

"कोण, त्या अमेरिकन मालिकेतला पोलीस कोलंबो म्हणताय का?"

"तोच. मळका रेनकोट, विस्कटलेले केस, बोटांत सिगार. आमच्या जिल्हा परिषदेत असा कुणी आला असता तर शिपायानं दारातच अडवला असता."

"खुन्यांनाही तसंच वाटतं, तीच तर गंमत. सगळे लॉस एंजेलिसमधले बंगलेवाले. कुणी डॉक्टर, कुणी गाजलेला लेखक. हा बावळट आपल्याला काय पकडणार, अशा घमेंडीत असतात. आपल्याला खुनी ठाऊक असतो. बघायचं एवढंच, की हा त्याला बोलता बोलता कसा गुंतवतो."

"आणि निघाला निघाला म्हणताना दारातून परत वळतो. अजून एकच विचारायचं राहिलं म्हणतो मेला!"

"त्याचीही गोष्ट आहे. लेव्हिन्सन आणि लिंक या जोडीनं हे पात्र लिहिलं. नाटकातला एक प्रवेश टंकून झाला आणि लक्षात आलं, तो तोकडा पडतोय. कोलंबो तर दाराबाहेर गेलेला. सगळं पान पुन्हा कोण टंकणार? म्हणून त्यालाच परत आत बोलावला."

"म्हणजे आळसातून आलं म्हण की."

"हो, आणि त्यावर अख्खी मालिका चालली. बरं, त्याच्या डोळ्याकडे लक्ष गेलं का तुमचं?"

"तिरळा आहे ना जरा?"

"उजवा डोळा काचेचा. कोलंबो झालेला नट पीटर फॉक, जन्म 1927चा, न्यूयॉर्कचा. तीन वर्षांचा असताना कर्करोगामुळे डोळा काढावा लागला. शाळेत बेसबॉल खेळताना पंचानं बाद दिलं, तर यानं काचेचा डोळा काढून पंचाच्या हातात ठेवला. घे, तुलाच लागेल म्हणून! स्वतःच सांगायचा हे."

नलूताई हसून हसून कुंपणाला टेकल्या. "अगोचरच कार्टं! पण मग सिनेमात घेतलं कसं याला?"

"सहजासहजी नाही घेतलं. कोलंबिया स्टुडिओचे मालक हॅरी कोन यांनी नाकारलं. तेवढ्याच पैशांत मला दोन डोळ्यांचा नट मिळतो, असं म्हणाले म्हणे. पण त्याच्याही आधीचं ऐका. हा गडी व्यापारी जहाजावर स्वयंपाकी होता. मग सिरॅक्यूज विद्यापीठात लोकप्रशासनात पदव्युत्तर पदवी घेतली आणि हार्टफर्डला कनेक्टिकट राज्याच्या अर्थसंकल्प खात्यात नोकरीला लागला. कामकाजाची कार्यक्षमता तपासायची नोकरी. पहिल्या दिवशी त्याला कचेरीची इमारतच सापडली नाही!"

"शोभतो खरा कार्यक्षमता अधिकारी! आमच्याकडे असे चार होते. मग?"

"संध्याकाळी हौशी नाटकं करायचा. ईवा ल गॅलिएन म्हणून रंगभूमीवरच्या मोठ्या अभिनेत्री, त्या वेस्टपोर्टला व्यावसायिक नटांचा वर्ग घ्यायच्या. हा थाप मारून त्यात शिरला. नेहमी उशिरा यायचा. एकदा बाईंनी कारण विचारलं. हार्टफर्डहून गाडी हाकत येतो म्हणाला. बाई म्हणाल्या, हार्टफर्डला कुठलं थिएटर? तेव्हा कबूल झाला, की मी नट नाहीच. तर बाई म्हणाल्या, मग व्हायला हवं. हा गेला आणि राजीनामाच दिला."

"सरकारी नोकरीचा? नाटकासाठी?" नलूताईंच्या हातातली पाण्याची नळी भलतीकडेच वळली. "पेन्शन वगैरे काही विचार?"

"तिशी जवळ आलेली, डोळा एक, रूप बेताचं. विचार केला असता तर गेलाच नसता. 1956 साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर उभा राहिला. 1960च्या 'मर्डर, इन्कॉर्पोरेटेड'मधल्या मारेकऱ्याच्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. समारंभात 'पीटर' असा पुकारा झाला, हा उठायला लागला, तर पुढचं आडनाव निघालं उस्तिनॉव."

"अरेरे! भर सभेत?"

"लगेच पुढच्या वर्षीच्या 'पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स'साठी पुन्हा नामांकन, पुन्हा हात हलवत घरी. पण 1962 साली टीव्हीवर टोमॅटो वाहणाऱ्या ट्रकड्रायव्हरची भूमिका केली आणि पहिलं एमी पारितोषिक मिळालं. एकूण पाच मिळाली. त्यातली चार कोलंबोसाठी."

"कोलंबो पहिल्यापासून हाच का?"

"छे! 1960 साली टीव्हीवर बर्ट फ्रीडनं केला होता, मग रंगभूमीवर थॉमस मिचेलनं. 1968च्या टीव्हीपटासाठी बिंग क्रॉस्बी यांना विचारलं, ते नको म्हणाले. मग फॉकला मिळाला. 1971 साली मालिका सुरू झाली आणि तिचा पहिला भाग दिग्दर्शित केला कुणी, माहितीये? स्टीव्हन स्पीलबर्गनं. चोविशीतलं पोरगं होतं तेव्हा."

"आणि तो कोट? स्टुडिओनं धुवायला काय घेतलं असतं?"

"कोट त्याचा स्वतःचा! न्यूयॉर्कला पावसात सापडला तेव्हा घेतलेला. ती खटारा पूजो गाडीसुद्धा त्यानंच निवडली."

"गरीब बिचारा दिसतो, पण हट्टी असणार."

"हट्टी म्हणजे? पहिल्याच वर्षी युनिव्हर्सल स्टुडिओशी भांडला. एक भाग मी दिग्दर्शित करणार म्हणाला. ते नाही म्हणाले, हा कामावर येईना. शेवटी दिला एक भाग, पण कसला? बांधकामाच्या जागेवरचा, चित्रित करायला महाकठीण. त्यानं तोही पुरा केला."

"त्याच्या बायकोबद्दल सांग. सारखं 'माझी मिसेस असं म्हणते', पण बाई एकदाही दिसत नाही."

"कधीच नाही. चॅनेलवाल्यांना मात्र राहवेना. 1979 साली 'मिसेस कोलंबो' अशी वेगळी मालिका काढली, केट मलग्रूला घेऊन. तिच्यात ना फॉक, ना मूळ लेखक. लवकरच गुंडाळली."

"बरं झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मला सांग, पस्तीस वर्षं तेच ते करून कंटाळला नाही?"

"1968 ते 2003 या काळात भाग किती झाले, ओळखा."

"हजार तरी?"

"एकोणसत्तर! सुरुवातीला एनबीसी वाहिनीवर आणखी दोन मालिकांशी आळीपाळीनं लागायचा, त्यामुळे वर्षाला मोजकेच भाग. 1978 साली थांबला आणि 1989 साली एबीसीवर पुन्हा सुरू झाला. कोलंबोच्या भागांमधून वेळ मिळाला की दुसरं काम. दिग्दर्शक मित्र जॉन कॅसाव्हेटीसच्या 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स'मध्ये, 1974 साली, बायकोचं मन ढासळताना बघून भांबावलेला मजूर नवरा केलाय. त्या सिनेमाला पैसेही स्वतःचे घातले. आणि हाच कॅसाव्हेटीस कोलंबोच्या एका भागात खुनी झालाय."

"म्हणजे इकडे कमवायचं आणि तिकडे मनासारखं करायचं. हिशेब चोख हो!"

लेखा विभागात जन्म गेलेली बाई. मला लेखभर जे सांगायचं होतं ते एका वाक्यात सांगून मोकळी झाली. एकाच भूमिकेत अडकून वाया गेलेले नट अमेरिकेत थोडे नाहीत. फॉकनं ती भूमिका बेताबेतानं वापरली. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सच्या 1987च्या 'विंग्ज ऑफ डिझायर'मध्ये तो पीटर फॉक म्हणूनच वावरतो आणि बर्लिनच्या रस्त्यावरची पोरं त्याला कोलंबो म्हणून ओळखतात. त्याच वर्षी 'द प्रिन्सेस ब्राइड'मध्ये तो आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवणारा आजोबा झाला. फावल्या वेळात कोळशानं चित्रं काढायचा. अखेरच्या काळात स्मृतिभ्रंशानं गाठलं आणि 23 जून 2011 रोजी बेव्हर्ली हिल्सला वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी तो गेला. बुडापेस्टमध्ये फाल्क मिक्शा नावाची गल्ली आहे. केवळ आडनावाच्या साम्यावर तिथं 2014 साली कोलंबोचा पुतळा उभा राहिला, मालिकेतल्या त्याच्या कुत्र्यासकट!

तुम्ही अजून यातलं काही पाहिलं नसेल, तर स्पीलबर्गच्या त्या पहिल्या भागापासून, 'मर्डर बाय द बुक'पासून, सुरुवात करा आणि लगोलग 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' बघा. क्रम मात्र हाच ठेवा. तो चतुर पोलीस आणि हा हतबल नवरा एकाच माणसानं, त्याच काळात उभे केलेत, हे पाहिल्याशिवाय पटणार नाही.