पूर्वलक्षी प्रभावाने

सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथल्या बाकाचं उजवं टोक आप्पांचं. आप्पा वीज मंडळातून निवृत्त झाले. मंडळाच्या कंपन्या झाल्या त्यालाही आता वीसएक वर्षं उलटली, पण आप्पा अजून ‘बोर्डात होतो’ असंच सांगतात. बोर्डाने त्यांना फंड दिला, गुडघेदुखी दिली आणि एक कला दिली. सरकारी आदेशाच्या शेवटी एक ओळ असते, की सदर आदेश अमुक तारखेपासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू राहील. पगारवाढीची थकबाकी मिळते ती या ओळीच्या कृपेने. आप्पांनी ती पगारापुरती ठेवली नाही. त्यांचं राजकीय मत आज सकाळी तयार होतं आणि मागच्या दहा वर्षांपासून लागू होतं.

‘मी पहिल्यापासून हेच म्हणतोय,’ असं म्हणून ते बशीत चहा ओततात, आणि मग आज काय म्हणायचं आहे ते सांगतात.

मत बदलणारी साधी माणसं लगेच ओळखू येतात. दोन दिवस गप्प असतात, चर्चा निघाली की क्रिकेटवर जातात, मग हळूच ‘तसं नाही हो, पण’ अशी सुरुवात करतात. आप्पांना या पथ्यपाण्याची गरज पडत नाही. ते बदलतात तेव्हा संपूर्ण बदलतात. आमदारांना पक्षांतर करायचं तर दहाव्या परिशिष्टाची भीती. पूर्वी एक तृतीयांश फुटले तरी चालायचे, २००३ पासून दोन तृतीयांश गोळा करावे लागतात. आप्पा कायम शंभर टक्क्यांनी जातात. मागे कोणी उरतच नाही, मग अपात्रतेची तक्रार करणार कोण?

ही साधना जुनी आहे. १९९५च्या निवडणुकीत एन्रॉनचा वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा गाजत होती, तेव्हा आप्पा बोर्डाच्या कॅन्टीनमध्ये बुडवणाऱ्यांच्या बाजूने होते. ऑगस्टमध्ये युती सरकारने करार रद्द केला आणि आप्पांनी पेढे वाटले. पुढच्या जानेवारीत वाटाघाटी होऊन तोच प्रकल्प समुद्रातून वर आला, आप्पाही त्याच्याबरोबर वर आले. ‘बुडवायचा म्हणजे भाव पाडायचा, हे मी पहिल्यापासून म्हणतोय. अहो, एवढी गुंतवणूक कोणी बुडवतं का?’ २००१ साली बोर्डाने ती महागडी वीज घेणं बंद केलं तेव्हा आप्पांनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना विचारलं, ‘पंचाण्णव साली मी पेढे कशाचे वाटले होते?’

पण खरी कसोटी लागली ती नोव्हेंबर २०१९ मध्ये. शुक्रवारी संध्याकाळी उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत झाल्याची बातमी आली. आप्पांनी टपरीवर जाहीर केलं, ‘मुख्यमंत्री ठाकरेच, हे मी निकालाच्या दिवशीच म्हणालो होतो.’ शनिवारी, २३ तारखेला, लोक दात घासत असताना फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी झाला. आम्ही मुद्दाम लवकर टपरीवर गेलो. आप्पांना आज चार शब्द सुचणार नाहीत, अशी आमची अटकळ होती. आप्पा आले, बाकावर टेकले आणि म्हणाले, ‘काल मी मुद्दामच बोललो नाही.’

मंगळवारी ते सरकार गेलं. गुरुवारी शिवाजी पार्कवर ठाकरेंनी शपथ घेतली. एका आठवड्यात आप्पांच्या तीन भूमिका झाल्या आणि तिन्ही पहिल्यापासूनच्या. टपरीवाला न राहवून म्हणाला, ‘आप्पा, शनिवारी तुमी येगळंच म्हणत हुता की.’ आप्पा शांतपणे म्हणाले, ‘शनिवारी मी परिस्थिती सांगत होतो. भूमिका नव्हे.’

टपरीवाल्याचं दुःख निराळं आहे. तो पूर्वीपासून बाळासाहेबांचा. त्याने तसूभरही जागा सोडली नाही. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदेंकडे दिला आणि हा गडी जागच्या जागी राहून मशालवाला झाला. टपरीवरचा धनुष्यबाणाचा स्टिकर त्याने स्वतः खरवडून काढला. भिंतीवरचा बाळासाहेबांचा फोटो तेवढा बदलावा लागला नाही. तो दोन्हीकडे चालतो. आपल्याकडे अशा काळात निष्ठावान माणसाची फार धावपळ होते. त्या मानाने आप्पा निवांत असतात.

त्यांना पकडायचा रीतसर प्रयत्न केला तो गुरुजींनी. गुरुजी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले, विषय मराठी आणि नागरिकशास्त्र. ते एक दिवस डायरी घेऊनच आले. तारीख २२ जून २०२२. शिवसेनेचे बंडखोर आमदार त्या पहाटे सुरतेहून गुवाहाटीला पोहोचले होते. आप्पा छातीठोकपणे म्हणाले, ‘आठ दिवसांत परत येतील.’ गुरुजींनी ते वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि डायरी पुढे केली. आप्पांनी बोर्डातली, शेवटी दोन टिंबं असलेली सही ठोकली.

३० जूनला एकनाथ शिंदे मुंबईत आले आणि संध्याकाळी मुख्यमंत्री झाले. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी बाकावर डायरी उघडून ठेवली. आम्ही चहा थांबवला. आप्पांनी चष्मा लावून वाक्य दोनदा वाचलं.

‘आठवा दिवस कोणता होता, गुरुजी?’

‘तीस जून.’

‘शिंदे परत आले का?’

‘आले, पण…’

‘कुठे परत येतील, असं यात कुठे लिहिलंय?’

गुरुजींनी आयुष्यभर मुलांना शब्द मोजून वापरायला शिकवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तेव्हापासून डायरीतली वाक्यं लांबत गेली, त्यांत ‘म्हणजेच’, ‘अर्थात’ आणि ‘वरील विधानाचा अन्य अर्थ निघत असल्यास’ असं सगळं येऊ लागलं. उपयोग झाला नाही. २०२४च्या लोकसभेला सांगलीची जागा आघाडीत ठाकरेंकडे गेली आणि विशाल पाटील अपक्ष उभे राहिले. ‘आघाडीचा अधिकृत उमेदवारच निवडून येणार,’ या ओळीखाली आप्पांची सही होती. अपक्ष निवडून आला. आप्पा म्हणाले, ‘अधिकृत कोण हे पक्ष ठरवतो की मतदार? तुम्ही नागरिकशास्त्र शिकवायचात ना?’

लाडक्या बहिणीचं तर सांगूच नये. योजना जाहीर झाली तेव्हा आप्पा राज्याच्या तिजोरीवर इतके हळहळले, की जणू किल्ल्या त्यांच्याच जानव्याला बांधलेल्या होत्या. फुकट वाटून देश बुडतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मग विरोधकांनी महिन्याला तीन हजारांचं आश्वासन दिलं, सत्तेतल्यांनी दीड हजाराचे एकवीसशे करू म्हटलं, आणि विधानसभेचा निकाल लागला. महायुतीला २८८ पैकी दोनशे तीसच्या वर जागा, एकट्या भाजपच्या १३२. त्या सकाळी आप्पांनी घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना थांबवून सांगितलं, ‘बाईच्या हातात पैसा खेळला पाहिजे, हे मी पहिल्यापासून म्हणतोय.’ मावशी म्हणाल्या, ‘मग माझे दोनशे वाढवा की.’ यावर आप्पांची भूमिका अद्याप आलेली नाही.

काकूंचं, म्हणजे आप्पांच्या पत्नीचं, याच्या अगदी उलट. काकू उघड्यावर मत बदलतात. ‘नोटाबंदी मला तेव्हा चांगली वाटली होती. मग डाळीच्या डब्यातले माझे पैसे काढून रांगेत उभी राहिले, तेव्हा नाही वाटली. आणि शेवटी सगळ्या नोटा बँकेत परत आल्या म्हणे, तेव्हा तर अजिबातच नाही.’ चार बायकांत हे असं सांगून त्या भाजी निवडायला लागतात. आप्पांना हे सहन होत नाही. माणसाने आपलं जुनं मत असं दारात आणून ठेवायचं, म्हणजे घराण्याची अब्रू काय राहिली?

आता एवढ्यावरून आप्पांना ठाम मत नाहीच, असं कोणी समजू नये. एक आहे. ते म्हणजे अल्मट्टी. सांगलीला पूर येतो तो अल्मट्टी धरणामुळे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, धोक्याची पातळी पंचेचाळीस. आप्पांच्या घरातला विजेचा मीटर पाण्याखाली गेला आणि बोर्डाच्या माणसाला होडीतून बाहेर काढावं लागलं. पुण्यात इंजिनिअर असलेला मुलगा दिवाळीला येतो तेव्हा लॅपटॉप उघडून पावसाचे आकडे, कोयनेचा विसर्ग, सगळं दाखवतो. त्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही अल्मट्टीवर ठपका ठेवला नव्हता, हेही सांगतो. आप्पा सगळं ऐकून घेतात आणि ‘अल्मट्टी’ म्हणतात. कर्नाटक धरणाची पातळी ५१९ मीटरवरून ५२४वर नेणार म्हटल्यावर सगळ्या पक्षांचे नेते विरोधाला उभे राहिले, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा पुढारी आप्पांच्या मागून आले.

मुलगा शेवटी पूररेषेचा नकाशा काढतो. बांधकामबंदीची निळी रेषा आप्पांच्या मागच्या दोन खोल्यांच्या अलीकडून जाते. त्या खोल्या आप्पांनी फंडाच्या पैशातून बांधल्या आहेत. नकाशा निघाला की आप्पांना दुपारची झोप येते.

जुलै २०२५ मध्ये, ५ तारखेला, वरळीत ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले. टपरीवाल्याने सकाळचा चहा फुकट पाजला. त्याचे डोळे भरून आले होते, आम्हीही दोन कप जास्त प्यायलो. आप्पा म्हणाले, ‘मनसे निघाली त्या २००६ सालापासून मी सांगतोय, हे दोघं एकत्र येणार.’

गुरुजींनी डायरीचं नवं पान काढलं. ‘आप्पा, दोघं शेवटपर्यंत एकत्र राहतील की नाही? हो किंवा नाही, एकच शब्द लिहा.’

आप्पांनी पेन घेतलं. क्षणभर नदीच्या दिशेने पाहिलं. मग कोऱ्या पानाच्या तळाशी दोन टिंबांची सही केली आणि डायरी परत दिली.

‘मजकूर तुम्ही सावकाश भरा, गुरुजी. तारीख फक्त आजची टाका.’