नोटिशीवर उभी इमारत

मे महिन्यात मुंबईत दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक, हापूसचा भाव उतरण्याची. दुसरी, म्हाडाच्या अतिधोकादायक इमारतींच्या यादीची. पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती मंडळ ती यादी जाहीर करते आणि वर्तमानपत्रे ती चौकटीत छापतात. यादीत नाव नसलेले रहिवासी सुटकेचा निःश्वास टाकतात. नाव असलेले म्हणतात, "गेल्या वर्षीही होतं की! काय झालं?" हा युक्तिवाद बिनतोड आहे. तो खोटा पाडायची संधी इमारतीला एकदाच मिळते.

महापालिकेची देखभालीची कल्पना अगदी सुटसुटीत आहे. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८चा, म्हणजे यादीतल्या कित्येक इमारतींपेक्षा तोच वयाने मोठा. त्याच्या कलम ३५४ खाली नोटीस निघते. कर्मचारी खळ घेऊन येतो, जिन्याच्या तोंडाशी ती चिकटवतो, फोटो काढतो आणि जातो. देखभाल संपली.

गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळीचा जिना चढून पाहा. गिलाव्याचे पोपडे केव्हाच गळून गेलेत. भिंत झाकून ठेवलीय ती नोटिशींनी. यंदाची वर, तिच्याखाली गेल्या वर्षीची, तिच्याखाली पाणी बंद असल्याची सूचना आणि सगळ्यांत खाली गणेशोत्सव मंडळाचा वर्गणीचा कागद. बाहेरच्या अंगाला लोखंडी टेकू, आणि टेकूंवर वाळत घातलेले टॉवेल. कारण एखादी गोष्ट वीस वर्षे दारात उभी राहिली की ती घरातलीच होते. शेजारी लाल अक्षरांत फलक: इमारत धोकादायक आहे, दुर्घटना घडल्यास महापालिका जबाबदार राहणार नाही. यातला पहिला भाग रहिवाशांसाठी असतो, दुसरा चौकशी समितीसाठी.

मग दुरुस्ती करायची कोणी? कायदा याबाबत मुळीच गप्प नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचे कलम १४ सांगते की, दुरुस्ती हे मालकाचे कर्तव्य. त्याने टाळाटाळ केली तर भाडेकरूने पोस्टाने लेखी नोटीस द्यावी, निदान पंधरा दिवस थांबावे, मग स्वतः दुरुस्ती करून घेऊन खर्च भाड्यातून कापावा. वाचून ऊर भरून येतो. तेवढ्यात परंतुक येते: वर्षभरात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये.

आता हिशेब मांडू. खोलीचे भाडे महिना १२० रुपये धरा. हसू नका, जुन्या कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४०च्या दराला खिळवून ठेवले होते आणि नव्या कायद्याने दिलेली वाढ वर्षाला ४ टक्क्यांची. तर वर्षाचे भाडे १,४४० रुपये, त्याचा चतुर्थांश ३६०. सडलेल्या तुळया बदलताना तुमच्या खोलीच्या वाट्याला दोन लाख आले, तर ते वसूल व्हायला साडेपाचशेहून अधिक वर्षे लागतील. तेवढेच मागे गेलो तर दख्खनेत बहमनी सुलतान राज्य करताहेत आणि शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून दीडशेहून जास्त वर्षे आहेत. म्हणजे कायद्यात सोय आहे; भाडेकरूने फक्त गवंड्याची पावती सांभाळून ठेवायची.

मालकाची बाजू ऐकली तर डोळ्यांत पाणीच येईल. वीस खोल्यांचे मिळून महिना २,४०० रुपये. एवढ्यात गवंडी गच्चीवर काम करायला सोडा, गच्ची बघायलासुद्धा येत नाही. (खोली दुसऱ्याच्या नावावर करायची असली की पागडीतला आपला हिस्सा घ्यायला हाच मालक तीन जिने चढून येतो. त्या दिवशी जिना त्याला भक्कम वाटतो.)

तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी सक्तीची केल्यापासून शास्त्रही मदतीला आले आहे. मालकाच्या इंजिनिअरने पाहिली की इमारत 'सी-१' ठरते: रिकामी करा, पाडा. भाडेकरूंच्या इंजिनिअरने तीच इमारत पाहिली की 'सी-२बी': आत राहूनच दुरुस्त करा. दोघांकडे शिक्का, दोघांकडे रंगीत फोटो, बहुधा एकाच खांबाचे. तड्यातून मालकाला पलीकडचा चाळीस मजली टॉवर दिसतो आणि भाडेकरूला संक्रमण शिबिर, जिथे 'तात्पुरते' म्हणून गेलेल्यांच्या नातवंडांच्या वराती निघाल्या. वाद मग तांत्रिक सल्लागार समितीकडे जातो. समितीचा निर्णय होईपर्यंत इमारतीने जैसे थे राहावे, अशी सर्व पक्षांची अपेक्षा असते.

काही इमारती ऐकत नाहीत. ३१ ऑगस्ट २०१७ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून जास्त माणसे गेली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला. त्यावर म्हाडाने तातडीने खुलासा केला की पडलेला भाग अनधिकृत होता, आमच्या उपकरप्राप्त इमारतीचा नव्हे. ही माहिती आत असलेल्यांना आधी कळवली असती, तर बिचारे अधिकृत भागात सरकून बसले असते.

याच शहराला नटण्याची हौस मात्र दांडगी. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२०चे पाहुणे आले तेव्हा रस्त्याकडेच्या झोपड्यांपुढे पडदे लागले. सौंदर्यीकरण प्रकल्पात झाडांना आणि खांबांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या गेल्या. मग चाळीच्या टेकूंनी काय घोडे मारले आहे? त्यांनाही माळा गुंडाळा. रात्री पाणी भरायला उतरणाऱ्याचे डोके तरी आपटणार नाही, आणि उद्‌घाटनाला नगरसेवक टेकूखाली उभा राहील. रहिवाशांना हवी असलेली तपासणी तेवढ्यात होऊन जाईल.

तोवर, वाचकहो, जून तोंडावर आला आहे. घरमालकाला नोटीस द्यायची असेल तर पोस्टाने द्या, पोचपावती जपा, आणि दोन्हींची एकेक प्रत दुसऱ्या इमारतीत राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवा.