येरवड्याला शहराशी जोडण्याची सोपी रीत

उपनगरातल्या प्रवाशाला शहराशी जोडून देण्याची जबाबदारी ज्यांच्या गळ्यात पडली आहे, अशा अधिकाऱ्यांसाठी हे टिपण. नमुना म्हणून पुण्यातला येरवडा घेतला आहे, कारण इथे सगळे प्रयोग करून झालेले आहेत.

सुरुवात भूगोलापासून करू नये. भूगोल पाहिला तर पुणे स्टेशन बंडगार्डनचा पूल ओलांडला की आलेच, आणि मग काम करायला काही उरत नाही. त्यापेक्षा इतिहास पाहावा. 1871 साली इथे तुरुंग बांधला, पुढे मनोरुग्णालयही आले. आत गेलेल्याने बाहेर पडू नये, हाच येरवड्याचा पहिला वाहतूक आराखडा. तो तयार असताना नवा कशाला?

तरीही वरून दट्ट्या आलाच, तर बससाठी स्वतंत्र मार्गिका बांधावी. अशा मार्गिकेचा, म्हणजे बीआरटीचा, देशातला पहिला प्रयोग 2006 साली पुण्यानेच केला, तेव्हा अनुभवाची वानवा नाही. नगर रस्त्यावर येरवडा ते वाघोली ही मार्गिका 2016 मध्ये सुरू झाली आणि 2023 मध्ये येरवडा ते विमाननगर हा तिचा तुकडा उखडलाही. कारण दिले कोंडीचे. कोंडी करतात एकेक माणूस बसलेल्या मोटारी, पण मोटारवाला आरडाओरडा करतो आणि बसमधला प्रवासी दांडी धरून उभा असतो. दांडी सुटेल म्हणून त्याला हातवारेही करता येत नाहीत. तेव्हा काय काढायचे हे उघडच आहे. राहिलेल्या प्रवाशाला कंडक्टरने ‘मागची रिकामी येतेय’ एवढे सांगावे. त्यावर माणूस अर्धा तास सहज काढतो.

मेट्रोचे काम मात्र नाजूक. इथे नवशिक्या अधिकारी आधी स्थानक बांधतो, मग गाडी सोडतो. तसे करू नये. रुबी हॉल ते रामवाडी हा मार्ग 6 मार्च 2024 रोजी सुरू झाला तेव्हा गाड्या येरवड्यात आल्या, पण थांबल्या नाहीत. स्थानकाच्या जिन्याचाच प्रश्न सुटायचा होता. स्थानक उघडले 21 ऑगस्टला. मधले साडेपाच महिने येरवडेकरांनी मान वर करून मेट्रोचे दर्शन घेतले. कोट्यवधींचा मार्ग एका जिन्यासाठी अडतो, हे पाठ्यपुस्तकात घालण्याजोगे आहे.

स्थानक उघडले, फीत कापली, फोटो निघाले, की जोडणी पूर्ण झाली असे समजावे. लक्ष्मीनगर, जयजवाननगर, नागपूर चाळ इथली माणसे स्थानकापर्यंत कशी पोचतील, याचा विचार त्यांच्यावर सोपवावा. ती चालतील. पदपथावर टपरी असेल, दुचाकी लावलेली असेल, तर रस्त्यावरून चालतील. पाऊस असेल तर शेअर रिक्षात चौथे होऊन बसतील. ससून रुग्णालयात पहाटेच्या पाळीला जाणारी आया किंवा कल्याणीनगरात धुण्याभांड्याला जाणाऱ्या मावशी तुमच्या बैठकीला येऊन तक्रार करणार नाहीत, कारण बैठक अकराला असते आणि त्या वेळी त्यांचे दुसरे घर चालू असते.

एखादा चिकट नागरिक भाड्याचा हिशेब काढेल, त्याला टाळावे. पीएमपी बसचे किमान तिकीट 1 जून 2025 पासून पाचाचे दहा झाले. मेट्रोचे किमान तिकीटही दहाच. म्हणजे घरापासून स्थानकापर्यंत बस आणि पुढे मेट्रो असे गेले-आले तर कमीत कमी चाळीस रुपये. तेवढ्या पेट्रोलमध्ये दुचाकी दारातून कचेरीत जाते आणि परतही येते. लोक दुचाकी घेतात. मग कोंडी होते. मग उखडण्यासाठी आणखी एखादी बसमार्गिका शोधावी लागते. कामाला तोटा नाही.

रेल्वेचे कलम छोटे आहे. लोणावळा लोकल 1978 पासून आहे, तिच्याकडे बोट दाखवावे. दौंडकडे बोट दाखवू नये. त्या मार्गावर 2017 मध्ये वरून विजेची तार आली आणि खालून डिझेलची डेमू धावू लागली.

क्वचित एखाद्या अधिकाऱ्याला हे सगळे सोडून खरोखरच माणसे पोचवावीशी वाटतात. त्याच्यासाठी उपाय कंटाळवाणा आहे: नागपूर चाळीपासून जेल रोडने येरवडा स्थानकापर्यंत दर दहा मिनिटांनी एक छोटी बस, तिच्या आणि मेट्रोच्या प्रवासाला मिळून एकच भाडे, आणि सलग चालता येईल असा पदपथ. यात उद्घाटन करण्यासारखे काही नाही, ही त्याची मोठी अडचण.

दरम्यान, रामवाडीहून पुढे वाघोलीकडे मेट्रो नेण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 जून 2025 रोजी मंजुरी दिली आहे. मुदत चार वर्षांची. वाघोलीकरांनी जिन्याची जागा आतापासूनच पाहून ठेवावी.