नोंदणी न करण्याची नोंदणी

लहान विक्रेता किती लहान, हे जीएसटी कायदा दोन मापांनी मोजतो : वर्षाची उलाढाल किती, आणि पार्सल निघाले कुठे. पहिले माप ऐसपैस आहे. १ एप्रिल २०१९ पासून महाराष्ट्रात नुसत्या वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नंबर काढावा लागत नाही. सेवा देणाऱ्याला ही सूट २० लाखांपर्यंत. दुसरे माप मात्र चिमटीत मावते.

कोल्हापुरातल्या कांदा-लसूण मसाल्याची अर्धा किलोची बरणी घ्यावी. ती गोंदियाला गेली, तर आख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडूनही घरातच राहते. तीच निपाणीला निघाली, तर तासाभराच्या वाटेवर, कागल मागे पडताच ‘आंतरराज्य पुरवठा’ होते, आणि कलम २४ नुसार मसाला कुटणाऱ्या काकू पहिल्या रुपयापासून नोंदणीला पात्र ठरतात. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. बरणीचा निकाल जागच्या जागी लागतो. कारण पोकळ नाही. हा कर माल जिथे खाल्ला जातो त्या राज्याचा, तेव्हा निपाणीच्या झणझणीतपणातला वाटा बेंगळुरूला पोचायला हवा. पण निपाणीच्या मुलांना ऑनलाइन पेटी शिकवणाऱ्या कोल्हापूरच्या गुरुजींना २० लाखांपर्यंत कोणी विचारत नाही. सुरांना नाका नसतो.

पापडाची तऱ्हा आणखी निराळी. पापडावर कर शून्य, आणि केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणी माफ. त्यामुळे एकटा पापड हव्या त्या राज्यात जातो. त्याच्या सोबतीला मसाल्याची पुडी गेली, की संगतीचा दोष लागतो.

ऑनलाइन बाजाराच्या मंचावरून विकणाऱ्याचे हाल पूर्वी याहून वाईट होते. तेच लोणचे जत्रेत मांडले तर ४० लाखांची सूट, मोबाइलवर मांडले तर पहिल्या बरणीपासून नोंदणी. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही अट सैल झाली : उलाढाल मर्यादेत असावी, विक्री एकाच राज्यातून आणि त्याच राज्यात व्हावी. एवढे जमले, की नोंदणी नको. मात्र नोंदणी नको असल्याचे सरकारी पोर्टलवर पॅन आणि पत्ता देऊन कळवावे लागते. मग एक नावनोंदणी क्रमांक मिळतो. तो मिळेपर्यंत मंचावर माल मांडता येत नाही. नोंदणी न करण्याची ही नोंदणी एका राज्यात एकदाच करता येते. बरणी चुकून कागलच्या पुढे जाऊ नये, ही राखण मंचाने करायची.

ज्यांना निपाणी सोडवत नाही, त्यांनी खरी नोंदणी करावी. सरकारी शुल्क काही नाही. पॅन, आधार, फोटो आणि जागेचा पुरावा लागतो. वीजबिल बहुधा सासऱ्यांच्या नावावर असते, म्हणून सुनेने त्यांच्याच स्वयंपाकघरात मसाला कुटायला हरकत नसल्याचे संमतीपत्र त्यांच्याकडून लिहून घ्यावे. यथावकाश पंधरा अक्षरी क्रमांक येतो : आधी महाराष्ट्राचा २७, मग पॅनची दहा अक्षरे, शेवटी तीन खुणा. नियम १८ प्रमाणे हा क्रमांक दाराशी नावाच्या पाटीवर हवा. सोसायटीच्या नियमाप्रमाणे दाराशी धंद्याची पाटी नको. दोन्ही नियम पाळण्याची रीत कायद्यात दिलेली नाही.

पुढे रिटर्न. महिनाभरात एकही बरणी खपली नाही, तरी खपली नाही हे वेळेवर सांगावे लागते. अशा निल रिटर्नला उशीर झाला, तर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क. विक्री मंचावरून असेल, तर मंच अर्धा टक्का आधीच कापून सरकारजमा करतो (१० जुलै २०२४ पूर्वी एक टक्का), आणि ती रक्कम पोर्टलवरच्या खात्यात शोधून पदरात पाडून घ्यायची. कंटाळून काकूंनी नोंदणी रद्द करून घेतली, तरी तीन महिन्यांच्या आत एक अंतिम रिटर्न भरावेच लागते.