वराहाचे मानकरी

यजमानाच्या आग्रहापुढे पाहुण्याची प्रतिज्ञा टिकत नाही, या सिद्धांताचा मला ठाऊक असलेला जुन्यात जुना फिलिपिनी दाखला सन १५२१ मधला आहे. मॅगेलनच्या ताफ्याबरोबर निघालेला आणि त्या सफरीची बखर लिहिणारा आंतोनिओ पिगाफेत्ता हा इटालियन गृहस्थ बेटावरच्या राजाकडे पाहुणा म्हणून गेला, तो नेमका गुड फ्रायडेचा, म्हणजे श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाने मांसाला शिवू नये असा, दिवस होता. राजाने डुकराच्या मांसाचे ताट पुढे सरकवले, मद्याचा रांजण आणवला, आणि दर घासागणिक एक पेला अशी वहिवाट सुरू झाली. पिगाफेत्ताने मांस खाल्ले व आपला नाइलाज होता अशी प्रांजळ नोंद करून ठेवली. ही जबानी कोणत्या मुन्सफाने ग्राह्य धरली असती कोण जाणे. परंतु सेबू बेटावर एका ग्रामोत्सवाचे जेवण जेवून आलेल्या मला तिच्यातील अक्षर न् अक्षर सत्य वाटते.

गावाच्या संताच्या उत्सवदिनी, म्हणजे फिएस्ताला, तेथील घरांची दारे सताड उघडी असतात, आणि उंबऱ्याशी घोटाळणाऱ्या परक्या इसमाला तो कोण, कुठला हे विचारण्याआधी तो जेवला की नाही, हे विचारले जाते. मेजावर दीर्घायुष्याचे प्रतीक म्हणून लांबच लांब शेवयांचे पान्सित असते, लुम्पियाच्या सुरळ्या असतात, भाताचा डोंगर असतो. पण हा सगळा लवाजमा झाला. सिंहासनावर केळीच्या पानांचे आसन करून जो सगळाच्या सगळा पहुडलेला असतो, तो लेचोन. गोव्यातील ख्रिस्ती लग्नघरी भाजलेले डुकराचे पिल्लू पूर्वी पाहिलेले असल्यामुळे त्याच्या दर्शनाने मी विचलित झालो नाही. विचलित झालो तो वासाने. पोटात गवती चहाच्या जुड्या, लसूण आणि पातीचा कांदा ठासून, ते शिवून, कळकावर चढवून निखाऱ्यांच्या धगीवर तासन् तास फिरवलेल्या त्या देहातून जो परिमळ सुटतो, तो हुंगल्यावर माझ्या मनात आले की, आमच्याकडे ज्या गवती चहाला पडशाच्या काढ्यापलीकडे आयुष्यात बढती मिळाली नाही, त्याने या मुलखात केवढी कर्तबगारी गाजवली आहे!

मात्र सर्वांचे डोळे मांसावर नसतात, कातडीवर असतात. तांबूस, चकचकीत, पोह्याच्या पापडासारखी कडाडणारी ती कातडी ही त्या समारंभातील खरी दौलत. आणि डुक्कर कितीही धष्टपुष्ट असले तरी त्याला कातडी एकच असते, या निसर्गाच्या कृपणतेमुळे सारे राजकारण उद्भवते. जो पाहुणा शिष्टाचार म्हणून पाद्रीबाबांशी हवामानाची चर्चा करत उभा राहतो, तो मेजाशी पोहोचेपर्यंत सगळी इनामे वाटून झालेली असतात आणि त्याच्या वाट्याला सात्त्विक असे पांढरे मांस तेवढे येते. मी हवामानाची चर्चा करत नव्हतो, एवढेच येथे नमूद करतो.

बातांगास प्रांतातील बालायान गावाने तर या लोभाचा अंदाज घेऊन रीतसर बंदोबस्त केला आहे. तेथे २४ जूनला, बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या उत्सवात, भाजलेल्या डुकरांची मिरवणूक निघते. त्यांना पोशाख, केसांचे टोप, काळे चष्मे असा साजशृंगार केलेला असतो, भोवतालचे भाविक एकमेकांवर मनसोक्त पाणी उडवतात, आणि गर्दीतील हात कातडीपर्यंत पोहोचू नयेत म्हणून उत्सवमूर्तींभोवती कित्येकदा काटेरी तार गुंडाळतात. पोलादाच्या बंदोबस्तात निघणारी इतकी खमंग स्वारी मी अन्यत्र ऐकलेली नाही.

सेबू आणि मनिला यांच्यात चटणीवरून जो जुना तंटा आहे, त्यात पडण्याचे मला कारण नव्हते. पण माझ्या शेजारी बसलेल्या सेबूकर वकिलाने मला साक्षीदार केलेच. मनिलाकडची मंडळी लेचोनबरोबर काळजापासून केलेली दाट, गोडसर चटणी घेतात, आणि ज्याचे पाप त्याने झाकावे, ही वकीलसाहेबांची त्यावरील एकमेव टिप्पणी. सन २००९ मध्ये अँथनी बोर्डेन या अमेरिकन खवय्याने सेबूच्या लेचोनला सर्वश्रेष्ठ ठरवले, हा निवाडा ते एखाद्या वरिष्ठ न्यायालयाचा हवाला द्यावा तसे उद्धृत करीत. मनिलाच्या बाजूने बोलायला कोणी हजर नसल्यामुळे दावा एकतर्फी निकालात निघाला.

निघण्याच्या वेळी, सगळे जिला लोला म्हणजे आजी म्हणत होते त्या घरधनिणीने माझ्या हाती भलेमोठे पुडके दिले. पाहुण्याने रिकाम्या हाती परतणे तेथे अशुभ नसले तरी अशक्य आहे. उद्या यात शिर्का घालून शिजव, त्याचे पाक्सिव होते, असा हुकूमही सुटला. मी पुडके चाचपून, कातडी दिसत नाही, असे अदबीने सुचवले. ती सकाळपर्यंत मऊ पडते, आणि मऊ कातडी पाहुण्याला देणे हा घराण्याचा अपमान ठरेल, असे लोलाने मला समजावले. तिच्या तोंडातील कडाडकड आवाजामुळे ते मला दोनदा विचारावे लागले.