सोवळ्यातला ट्रक

अमेरिकेत माणसं ट्रक घेतात ती ओझं वाहायला, असा आपल्याकडे एक भाबडा समज आहे. हा समज घेऊन कुणी टेक्सासातल्या एखाद्या उपनगरात शनिवारी सकाळी उभं राहिलं, तर त्याची पंचाईत होईल. दारोदार ट्रक. बॉनेट माणसाच्या छातीला लागेल इतकं उंच, चार दारं, आत गाईच्या कातड्याची आसनं. हौदा मात्र असा लखलखीत, की त्यात पंगत वाढावी. ओरखडा नाही, सिमेंटचा डाग नाही, बारदानाचा धागा नाही. दुपारी हा ट्रक गर्जना करत निघतो, बागकामाच्या दुकानात जातो आणि एक कुंडी घेऊन परत येतो. कुंडीसुद्धा मागच्या सीटवर, पट्टा बांधून. हौद्यात ठेवली तर रंगाला चरा जायचा.

अशा या घरंदाज आळीत २०२१ साली खुद्द फोर्डनेच एक बुटकं कार्टं आणून सोडलं. नाव मॅव्हरिक. फोर्डने १९६९ साली याच नावाची एक छोटी कार १,९९५ डॉलरला काढली होती; हा पिकअप सुरू झाला १९,९९५ डॉलरपासून. मध्ये नुसता एक नवाचा आकडा घुसला. पन्नास वर्षांची महागाई इतक्या नेटकेपणाने कुणी मांडलेली माझ्या पाहण्यात नाही. शिवाय हायब्रिड इंजिन वरचे पैसे न घेता, आणि शहरात लिटरमागे अठराच्या आसपास किलोमीटर. ज्या देशात ट्रकवाल्याला ॲव्हरेज विचारणं हा असभ्यपणा समजतात, तिथे हे म्हणजे लग्नाच्या मांडवात हिशेबाची वही काढण्यासारखं झालं. तरी गिऱ्हाईक एवढं लोटलं, की पहिल्या वर्षीच्या ऑर्डरी घेणं फोर्डला मध्येच थांबवावं लागलं.

आळीत अर्थातच खळबळ उडाली. "हा ट्रकच नव्हे!"

का नव्हे? याचं उत्तर कर्मठांकडे तयार आहे. खरा ट्रक म्हणजे खाली शिडीसारखी पोलादी चासी, तिच्यावर केबिन वेगळी बसवलेली, हौदा वेगळा बसवलेला. दोघांमध्ये बोटभर फट, जणू पंक्तिभेद. मॅव्हरिकचं अंग कारसारखं अखंड. ज्या घडणीवर फोर्डची एस्केप ही सोज्वळ एसयूव्ही उभी, त्याच घडणीवर हा. त्यातून सुरुवातीच्या हायब्रिड गाडीला ताकद मिळायची ती फक्त पुढच्या चाकांना. खऱ्या ट्रकला मागची चाकं ढकलतात. पुढच्यांनी ओढणं हे कुळाला बट्टा लावणारं. थोडक्यात, चासीवरचा तो सोवळ्यातला आणि बिनचासीचा तो ओवळ्यातला. ओवळ्याने वाहिलेलं ओझं ओझ्यात धरत नाहीत.

हे सोवळं जुनंच आहे. होंडाने २००५ साली रिजलाइन आणली तेव्हाही हाच गलका झाला होता. रिजलाइनच्या हौद्याच्या तळाशी कुलूप लावायची डिकी होती आणि तिला पाणी काढून टाकायला बूच होतं, म्हणजे बर्फ भरून बीअर थंड करावी. मासिकवाल्यांनी तिला वर्षातला उत्तम ट्रक ठरवलं. आळीने मात्र तिला पाटावर बसू दिलं नाही. ह्युंदाईवाले शहाणे. त्यांनी अलाबामात सँटा क्रूझ बनवायला घेतली, तिला हौदा दिला, फाळका दिला, पण ट्रक म्हटलंच नाही. म्हणे 'स्पोर्ट ॲडव्हेंचर व्हेइकल'. जातीच्या रकान्यात 'लागू नाही' लिहून मोकळे.

आता सोवळ्यातल्यांचं कर्तृत्व बघू. स्ट्रॅटेजिक व्हिजन नावाची पाहणी करणारी एक संस्था तिकडे आहे. २०१९ साली तिचे आकडे प्रसिद्ध झाले. पिकअपच्या मालकांपैकी ७५ टक्के लोक वर्षातून फार तर एकदा ट्रेलर ओढतात, आणि ३५ टक्के लोक वर्षातून फार तर एकदा हौद्यात काही टाकतात. ही खेप बहुधा नाताळच्या झाडाची असावी. फोर्डच्या एफ-१५० ची केबिन आणि हौदा यांची मापं तर कुणी गुपित ठेवलेली नाहीत. जुन्या पिढीत गाडीच्या लांबीतला ६४ टक्के वाटा हौद्याचा होता आणि ३६ टक्के केबिनचा. २०२१ पर्यंत केबिन ६३ वर गेली, हौदा ३७ वर आला. माल वाहणाऱ्याने माल उतरवून ठेवला आणि त्या जागी स्वतःच ऐसपैस बसला. बहुतेक चारदारी एफ-१५० चा हौदा आज साडेपाच फुटांचा असतो. मॅव्हरिकचा साडेचार. एवढ्या एका फुटावर अख्ख्या घराण्याची अब्रू टांगलेली आहे.

न्यायाने बोलायचं तर खरा कामाचा ट्रक अमेरिकेत आहे, आणि तो ओळखायला फार सोपा आहे. पांढरा रंग, दोन दारं, आठ फुटी हौदा, पुसता येईल अशी प्लॅस्टिकची सीट, बाजूला शिडी बांधलेली आणि फाळक्याला पोचा आलेला. तो गवंड्याचा, प्लंबरचा, घोडे पाळणाऱ्याचा. दहा हजार पौंडांचा ट्रेलर घेऊन तो घाट चढतो. मॅव्हरिकची झेप, जादा सामान बसवून घेतलं तरी, चार हजार पौंडांवर संपते. त्याच्यामागे घोड्यांचा ट्रेलर जोडला तर कोण कुणाला ओढतंय याचा निकाल घोडेच लावतील. हे सगळं मान्य. पण या पांढऱ्या ट्रकच्या मालकाने मॅव्हरिकला शिव्या दिलेल्या मी ऐकलेल्या नाहीत. शनिवारी सकाळी तो कामावर असतो. वाद घालायला सवड आहे ती कुंडीवाल्यांना.

एवढी सगळी भव्यता आली कुठून? मर्दपणातून, असं तिकडच्या जाहिराती सांगतात. मला विचाराल तर ती आली कोंबडीतून.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कोंबडी कारखान्यात बनल्यासारखी बनू लागली आणि स्वस्त झाली. ती युरोपात जाऊ लागली, तशी तिथल्या शेतकऱ्यांनी हाकाटी केली आणि फ्रान्स, पश्चिम जर्मनी या मंडळींनी तिच्यावर जकात वाढवली. याचा सूड म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये परदेशी मालावर २५ टक्के कर बसवला. कशावर? बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक. त्या काळी फोक्सवॅगनच्या छोट्या व्हॅन आणि पिकअप अमेरिकेत बऱ्यापैकी खपत होते, त्यांचा काटा निघाला. पुढे स्टार्च सुटला, डेक्स्ट्रिन सुटलं, ब्रँडी तर सुटायलाच हवी होती. ट्रक तेवढा अजून अडकलेला आहे. कोंबडी कधीच खाऊन झाली, हाडूक साठ वर्षं घशात.

मग पळवाटा निघाल्या. सुबारूने १९७८ पासून ब्रॅट नावाचा चिमुकला पिकअप अमेरिकेत विकला. हौद्यात तिने दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या उलट्या तोंडाने बसवल्या. साहेब, हा ट्रक कुठे, ही तर प्रवासी गाडी! कस्टमने मान डोलावली. असली एक ब्रॅट रोनाल्ड रेगन यांच्याही कॅलिफोर्नियातल्या रँचवर होती. पण सगळ्यात रसाळ कथा फोर्डची. फोर्ड तुर्कस्तानातून ट्रान्झिट कनेक्ट नावाच्या मालवाहू व्हॅन आणायची. जहाजावर चढताना त्यांना मागच्या सीटा असत, खिडक्या असत. बाल्टिमोरच्या बंदरात कस्टमचा शिक्का पडला, की सीटा उपटायच्या आणि भुगा करायला पाठवायच्या. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२४ साली फोर्डने ३६५ दशलक्ष डॉलर भरून ते मिटवलं. ज्या कराच्या भिंतीआड एफ-१५० निर्धास्त फुगला, त्याच भिंतीवरून उडी मारताना घरचाच माणूस सापडला.

परदेशी छोटे ट्रक असे वेशीवर अडले. देशी छोट्यांची वाट सरकारी नियमांनी लावली. इंधन वाचवण्यासाठी केलेला कायदा असा, की चार चाकांनी व्यापलेली जागा जितकी मोठी तितकी ॲव्हरेजची अट सैल. म्हणजे विद्यार्थी जितका जाडा, तितके पास व्हायला मार्क कमी. कंपन्यांनी काय केलं असेल ते सांगायला नको. फोर्डने आपला जुना छोटा रेंजर २०११ साली अमेरिकेत बंद केला. २०१९ मध्ये तो परत आला तो भरल्या अंगाने. त्यात आयकर खातं. धंद्यासाठी घेतलेल्या गाडीचं मालासकट एकूण वजन सहा हजार पौंडांच्या वर भरत असेल, तर खर्च दाखवायला भरघोस सवलत. त्यामुळे घरं विकणारा दलाल, दातांचा डॉक्टर, विमा एजंट, सगळ्यांना अचानक वजनदार ट्रकची निकड भासू लागली. मॅव्हरिक या काट्याला पोहोचतच नाही. बिचारा माल वाहतो, सवलत वाहत नाही.

आमचे एक भाचे तिकडे सॉफ्टवेअरमध्ये आहेत. परवा फोन आला.

"मामा, ट्रक घेतला."

"वा! ड्रायव्हर ठेवलास, की स्वतःच मारणार? खेपा मिळतात का रे तिकडे?"

"खेपा कसल्या, मामा? ऑफिसला जायला घेतला."

"मग हौद्यात काय नेतोस?"

"लॅपटॉपची बॅग. म्हणजे ती आतच ठेवतो, पाऊस आला तर भिजेल ना."

पुढे कळलं, की त्यांच्याकडच्या मंडळाच्या गणपतीचं मखर शेजारच्या बाईंच्या मॅव्हरिकमधून आलं. भाच्यांचा ट्रक दारातच होता. पण फाळका एवढा उंच, की मखर चढवायला स्टूल लागलं असतं, आणि मखराला खिळे होते. कंपन्यांनाही हे उंचीचं दुखणं ठाऊक आहे. म्हणून तर फाळक्यातच घडीची पायरी बसवून देतात आणि तिचे पैसे लावतात. आधी ट्रक उंच करायचा, मग शिडी विकायची. याला म्हणतात धंदा.

आपल्याकडे हा वाद कधी झालाच नाही. टाटांनी २००५ साली एस आणली, सव्वादोन लाखांच्या आसपास. दोन सिलिंडरचं इंजिन, ताकद सोळा घोड्यांची. (हायब्रिड मॅव्हरिकची १९१.) एवढ्या घोड्यांत अमेरिकन माणूस गवत कापतो. पण लोकांनी पाहिल्याबरोबर तिला छोटा हत्ती म्हटलं आणि पाऊण टनाच्या कागदावर दीड टन लादून हत्ती हे नाव सार्थ केलं, जे अर्थातच बेकायदा आहे आणि रोज चालतं. गाडीची सगळी लांबी ३.८ मीटर, तीत हौदा सातेक फुटांचा. मॅव्हरिकची लांबी पाच मीटरच्या वर आणि हौदा साडेचार फूट. जपानी केई ट्रकचंही हेच. ३.४ मीटर लांबी आणि ६६० सीसीच्या मर्यादेत तो जवळपास साडेसहा फूट हौदा काढतो. पंचवीस वर्षं जुने झालेले असे जपानी ट्रक अमेरिकेतले शेतकरी हौसेने मागवतात, कारण गवताच्या गासड्या त्यांत हाताने टाकता येतात. काही राज्यांनी त्यांना पासिंग द्यायचंच नाकारलं. कारण सुरक्षितता. समोरून येणाऱ्या सोवळ्यातल्याची धडक त्यांना सोसणार नाही, हे खरंच आहे. धडकणाऱ्याचं पासिंग मात्र कुणी अडवलेलं नाही.

लासलगावच्या बाजारात कांदा घेऊन उभ्या असलेल्या बोलेरो पिकअपला कुणी "तू खरा ट्रक आहेस का?" असं विचारत नाही. मागचा ड्रायव्हर एवढंच विचारतो, की तू पुढे सरकतोस का.

मॅव्हरिकची बाजू घेऊन मी इतकं बोललो, तेव्हा त्याची पुढची हकिगतही सांगतो. चारच वर्षांत त्याची सुरुवातीची किंमत २६ हजार डॉलरच्या वर गेली. आता त्याची लोबो नावाची एक आवृत्ती निघाली आहे. ती जमिनीलगत खाली बसवलेली, रस्त्यावर मिरवण्यासाठी. ट्रकांनी उंच होऊन जे केलं, तेच हिने बुटकं होऊन केलं. ओवळ्याला थोडे दिवस बरे आले, की तोही पहिलं जानवं शोधतो. माझा अंदाज असा, की आणखी दहा वर्षांनी मॅव्हरिकवालेच याहून लहान कुणाला तरी नाकं मुरडत असतील.

तेव्हा तुमचं कुणी तिकडे असेल आणि सोफा हलवायला ट्रक घ्यावा का, असं विचारत असेल, तर त्याला यू-हॉलचा पत्ता द्या. भाड्याने गाड्या देणाऱ्या या कंपनीच्या पिकअपवर १९ डॉलर ९५ सेंट हा दिवसाचा दर वर्षानुवर्षं रंगवलेला दिसतो. मैलांचे पैसे वेगळे पडतात, आणि हौद्याला चरे आधीच पडलेले असतात.