फेंट नक्को

संक्रांतीच्या आधीचा आठवडा. साडीच्या दुकानांत काळ्या रंगाला वर्षातून एकदाच मान मिळतो, तो या दिवसांत. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीजवळच्या एका दुकानात मी चंद्रकळा मागितली. सेल्समनने माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्याचा हात आपोआप वरच्या कप्प्याकडे गेला.

"ताई, काळ्यापेक्षा फेंटमध्ये बघा ना. बेबी पिंक तुम्हाला उठून दिसेल."

या 'उठून दिसण्या'शी माझी जुनी ओळख आहे. आपल्याकडे तोंडावर कुणी कुणाला काळं म्हणत नाही. मुलगी 'सावळी पण तरतरीत' असते, 'गव्हाळ' असते, स्थळ सांगायची वेळ आली की एका रात्रीत 'निमगोरी' होते. फेअर अँड लव्हलीने २०२० साली नावातला 'फेअर' काढून टाकला. सेल्समनच्या हाताला ते कुणी कळवलेलं दिसत नाही.

तेवढ्यात शेजारी एक मुलगी येऊन बसली. उंच, केसांच्या बारीक बारीक वेण्या, पाठीला कॉलेजची सॅक. रंगाने माझ्यापेक्षा बरीच गडद. सेल्समनचा हात पुन्हा वर गेला आणि अर्ध्यातच थबकला. बेबी पिंक घट्ट धरून तो माझ्याकडे बघायला लागला.

आता आपण जरा समंजसपणे वागावं, असं माझ्या मनाने घेतलं. नको तितकं हसत मी विचारलं, "व्हेअर आर यू फ्रॉम?"

"बीड बायपास."

मला हसू उशिरा आलं. तिला दया आली असावी. "वैसे सुदान से. युनिव्हर्सिटी में पढती."

खरं तर या गावात हा प्रश्न आधी गाव वसवणाऱ्यालाच विचारायला हवा होता. १६१० मध्ये इथे खडकी वसवली ती मलिक अंबरने. हा मूळचा इथिओपियाचा. गुलाम म्हणून या हातातून त्या हातात विकला जात दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. भडकल दरवाजा त्याचा, जमिनीखालून गावात पाणी आणणारी नहरही त्याचीच. तो आज या गादीवर येऊन बसला असता, तर आमच्या सेल्समनने पगडीसाठी त्याच्यापुढेही बेबी पिंकच उलगडला असता.

"भैया, वो काली दिखाओ ना," मुलगी म्हणाली. "फेंट नक्को."

तिचा 'नक्को' अस्सल इथला होता, दोन्ही 'क'वर व्यवस्थित जोर देऊन. मी मागितलेली, अजून घडीतच असलेली चंद्रकळा सेल्समनने निमूटपणे उलगडली. तिने पदर खांद्यावर टाकला. सोनेरी काठ दंडावरून खाली उतरला. समोरच्या गादीवरच्या दोन बायका आपापल्या साड्या सोडून बघत राहिल्या.

"पॅक करो," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी सेल्समनकडे वळले. "तसलीच अजून एक काढा."

"शेवटचा पीस होता, ताई," तो म्हणाला, आणि बेबी पिंकवरची सुरकुती तळहाताने साफ करू लागला.